नदीचा उत्सव करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठावरून, पुणे-नाशिककडून आणि कोकणातूनही आम्हाला जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे विषय एकमेकांत जातात, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नदीचा उत्सव म्हणजे नेमकं काय? घाटावर आरती केली की झालं का?

आरती हा उत्सवाचा एक भाग असू शकतो, पण सगळा उत्सव नव्हे. गावातल्या लोकांनी वर्षातून काही दिवस नदीकाठी जमायचं, गायचं, जेवायचं, नदीची हालहवाल पाहायची आणि तिच्यासाठी काय करायचं ते ठरवायचं, असा आमचा अर्थ आहे.

याचा जुना आणि जिवंत नमुना वाईला आहे. कृष्णाबाईचा उत्सव तिथे माघ-फाल्गुनात घाटाघाटावर पाळीपाळीनं होतो. सिद्धनाथवाडी, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही अशी प्रत्येकाची पाळी येते. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं परंपरा सांगते. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती पालखीतून येते, कीर्तनं-प्रवचनं होतात, गाण्याच्या बैठका होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. इथे नदी ही माहेरी आलेली बाई आहे आणि आळी तिचं करते. मला या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती आळीची पाळी. काम एका मंडळाच्या डोक्यावर पडत नाही, आणि आपल्या आळीचा उत्सव चांगला व्हावा म्हणून प्रत्येक घर हात लावतं.

२. गाणी गाऊन नदी स्वच्छ होते का? खरं सांगा.

नुसत्या गाण्यानं होत नाही. पण गाण्यामुळे जे लोक काठावर येतात, त्यांच्यावाचूनही ती होत नाही.

अमेरिकेतल्या हडसन नदीचं उदाहरण आम्ही नेहमी देतो. लोकगायक पीट सीगर तिच्या काठी राहायचे. नदीत शहरांचं मैलापाणी आणि कारखान्यांची रसायनं बेधडक सुटत होती. लोकांना नदीची आस्था वाटायची तर आधी त्यांनी नदीवर यायला हवं, हे ओळखून त्यांनी १९६६ मध्ये 'क्लिअरवॉटर' ही संस्था उभी केली आणि काठाकाठानं गाण्याचे कार्यक्रम करून एका जुन्या धाटणीच्या शिडाच्या जहाजासाठी पैसे जमवले. १०६ फूट लांबीचं ते जहाज १९६९ मध्ये पाण्यात उतरलं. मुलं त्यावर चढायची, जाळ्यात येणारे मासे बघायची, पाणी तपासायची. संध्याकाळी काठावर गाणी. पुढे दरवर्षी मोठा संगीत महोत्सव भरू लागला.

आता दुसरी बाजू. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात सुमारे १३ लाख पौंड पीसीबी नावाची विषारी रसायनं हडसनमध्ये गेली होती. ती गाण्यानं निघाली नाहीत. त्यासाठी १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा लागला, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागला, आणि तळाचा गाळ उपसायचं मोठं काम २००९ ते २०१५ या काळात झालं. तरीही तिथले मासे किती आणि कुणी खावेत यावर आजही निर्बंध आहेत. सीगर २०१४ मध्ये गेले. गाणी होती म्हणून इतकी वर्षं लोक टिकून राहिले, असं मी मानतो. आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं. अर्ज देणारे दोघंतिघं असतात आणि ते थकतात.

३. आमची नदी म्हणजे नालाच झालाय. वास येतो. तिथे कसला उत्सव करणार?

तिथेच करायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. स्वच्छ काठाची वाट बघत बसलो तर निम्म्या महाराष्ट्राला उत्सव करताच येणार नाही.

मात्र आव आणू नका. वास येतोय तर येतोय म्हणून सांगा. उत्सवाआधी आठवडाभर पंधरा-वीस जणांनी किलोमीटरभर काठ चालून यावं आणि जे दिसेल ते वहीत लिहावं: नाला कुठे मिळतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो, फेस कुठे आहे, राडारोडा कुणी कुठे टाकलाय. एक साधी गोष्ट मुलांकडून जरूर करून घ्या. उथळ वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करायचा. खाली दगडाला चिकटलेले चपटे, शेपटीला बारीक तंतू असलेले किडे सापडले तर त्या पाण्यात प्राणवायू चांगला आहे. दगडाखालच्या काळ्या चिखलात केसासारखे लालसर कृमी वळवळत असले तर मैलापाणी येतंय. बरेचदा नाल्याच्या वरच्या अंगाला पहिले मिळतात आणि खालच्या अंगाला दुसरे. शंभर पावलांतला हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल विसरत नाही. (हातमोजे घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत. नाल्याच्या तोंडाशी मुलांना नेऊ नये.)

ही वही उत्सवात सगळ्यांसमोर वाचायची. कीर्तनाआधीची दहा मिनिटं त्यासाठी मागून घ्या. बहुतेक कीर्तनकार आनंदानं देतात.

४. कोणत्या महिन्यात करावा? जागतिक नदी दिन सप्टेंबरात असतो ना?

हो, सप्टेंबरचा चौथा रविवार. पण आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, धरणं भरलेली असतात आणि बरेचदा गणपतीची धामधूम नुकतीच सरलेली असते. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम करा. काठावरचा उत्सव कार्तिक ते फाल्गुन या काळात ठेवा. घाट कोरडे असतात, पाणी शांत असतं, नदी खरी कशी आहे ते दिसतं. वाईचा काळ पूर्वजांनी विचारपूर्वक निवडलेला वाटतो.

जुनी तिथी सापडली तर तीच धरा. गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या होड्यांचा सोहळा होतो आणि दूरदूरहून लोक येतात. तिथी लोकांच्या अंगवळणी पडलेली असते, तिची जाहिरात करावी लागत नाही. फाल्गुनाच्या पुढे जायचं असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

५. आमच्या नदीवर गाणंच नाही. मग गायचं काय?

गाणं असतं, ते विचारलं गेलेलं नसतं. सत्तरीपुढच्या बायकांकडे जा. जात्यावरच्या ओव्यांमध्ये नदी आई म्हणून येते, सासर-माहेरच्या मधली वेस म्हणून येते, पूर आलेली, उतारू न देणारी म्हणूनही येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या बऱ्याच आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. आपल्या तालुक्याच्या ओव्या तिथे शोधा. त्याशिवाय भोई-कोळ्यांची गाणी, भलरी, भारूड, गोंधळ, वासुदेवाची गाणी आहेतच.

ध्वनिमुद्रित गाणी लावण्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाला, शाळेच्या लेझीम पथकाला, बायकांच्या भोंडल्याच्या गटाला उभं करा. शेवटच्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या गवयाची बैठक ठेवायला हरकत नाही. पण पहिला मान काठावरच्या लोकांचा.

नवं गाणं करायचं असेल तर त्यात आपल्या नदीचे डोह, ओढे, उतार, पिंपळपार यांची नावं घाला. 'नदी वाचवा, जीवन वाचवा' छापाची गाणी कुठल्याही नदीला चालतात, म्हणून ती कुठल्याच नदीची होत नाहीत.

६. परवानग्या कुठून घ्यायच्या?

जागेसाठी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका. लाउडस्पीकर आणि गर्दीसाठी पोलीस ठाणं. नदीपात्राशी संबंध येत असेल तर जलसंपदा विभाग. घाट देवस्थानाचा असेल तर त्यांचं पत्र, आणि संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाचं. अर्ज महिनाभर आधी द्या, पोच घ्या.

७. आवाजाचे नियम काय? नदीवर तर मोकळंच असतं.

मोकळं असतं म्हणूनच पाण्यावरून आवाज लांब जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. राज्य सरकार सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या उत्सवाचा दिवस त्या यादीत आहे का ते तपासा, आहे असं गृहीत धरू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे.

आमचं मत स्पष्ट आहे: नदीच्या उत्सवात डीजे नको. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या तीन-चारशे माणसांना दोन लहान स्पीकर पुरतात. पखवाज, टाळ, पेटी आणि मोकळा गळा यांना घाट स्वतःच साथ करतो. दगडी पायऱ्यांवरून स्वर परत येतो. कधी माइक बंद करून अभंग म्हणून बघा.

८. लोकप्रिय गाणी म्हटली तर कॉपीराइटची भानगड होते का?

होऊ शकते. पारंपरिक ओव्या, अभंग, आरत्या यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण त्यांची एखाद्या संगीतकारानं बांधलेली चाल किंवा कंपनीनं काढलेलं ध्वनिमुद्रण यावर असतो. भारतात कवी किंवा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दोन सवलती तुमच्या कामाच्या आहेत: खऱ्या धार्मिक विधीतलं सादरीकरण, आणि हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेलं सादरीकरण. तिकीट लावलं, व्यावसायिक वाद्यवृंद आणला किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकली, की या सवलतींवर विसंबू नका, परवाना घ्या. घरचीच गाणी म्हटली तर हा प्रश्न उरत नाही.

९. ओटी, दिवे, निर्माल्य: लोकांच्या भावना न दुखावता हे कसं थांबवायचं?

थांबवायचं नाही, वळवायचं. नदीची ओटी भरू नका असं सांगितलं तर बायका दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं योग्यच आहे. काठावर पाटावर कलश मांडा, त्यात नदीचंच पाणी भरा, ओटी त्या कलशाची भरा. खण आणि नारळ जमलेल्या बायकांना, विशेषतः घाट झाडणाऱ्या बायकांना प्रसाद म्हणून द्या. पहिली ओटी गावातल्या वयस्क बाईनं अशी भरली की बाकीच्या आपोआप तशीच भरतात. फलक लावून हे होत नाही.

दिवे पाण्यात सोडण्याऐवजी पायऱ्यांवर लावा. थर्माकोलचे आणि प्लॅस्टिकचे द्रोण तर नकोतच, पण पानाचे द्रोणही शेकड्यांनी सोडले की पुढच्या बंधाऱ्याला तेला-वातीसकट अडकून कुजतात. पायरीपायरीवर पणत्या लावल्या की त्यांचं प्रतिबिंब पाण्यात पडतंच, आणि सकाळी पणत्या गोळा करून पुढच्या वर्षाला ठेवता येतात.

निर्माल्यासाठी खड्डा किंवा पिंप, त्यातून खत. पंगतीला पत्रावळी किंवा घरून आणलेलं ताट-तांब्या. भांडी घासायची जागा काठापासून लांब ठेवा आणि ते पाणी झाडांना जाऊ द्या. घाटावर भांडी घासून त्याच नदीची आरती करू नये.

१०. गर्दी मोठी आहे, कोरड्या पात्रातच स्टेज घातलं तर?

नको. पात्र कोरडं दिसतं म्हणून ती मोकळी जागा नसते. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानावर भव्य सांस्कृतिक महोत्सव झाला. राष्ट्रीय हरित लवादानं आयोजकांवर ५ कोटींची पर्यावरण भरपाई बसवली. जमीन दाबून सपाट केल्यानं, पाणथळ जागा बुजवल्यानं आणि गवत-झुडपं काढल्यानं झालेली हानी भरून काढायला ४२ कोटींच्या आसपास खर्च आणि दहा वर्षं लागतील, असा अंदाज तज्ज्ञ समितीनं दिला. हेतू चांगला असला तरी एवढं होऊ शकतं.

आपल्याकडे जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र. तिथे मुरूम टाकणं, सपाटीकरण, गाड्यांचा तळ यांतलं काहीही करू नका. सतरंजी घालून बसायला हरकत नाही. गर्दी मोठी असेल तर कार्यक्रम गावातल्या मैदानावर घ्या आणि नदीवर दिंडीनं या.

वर धरण असेल तर आणखी एक काळजी. विसर्ग कधी सुटणार हे धरणाच्या शाखा अभियंत्याला विचारून ठेवा आणि त्या दिवशी एक माणूस फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला नेमा. उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी पाळीनं सोडलेलं पाणी) साधारणपणे कालव्यातून जातं, पण नदीत पाणी सोडण्याचे प्रसंग येतात आणि उतारावरचे दगड थोड्या वेळात बुडतात.

११. मार्चनंतर करण्यात काय अडचण आहे?

घरटी. नदी सुरय आणि टिटवी हे पक्षी उघड्या वाळूवर, गोट्यांमध्ये अंडी घालतात. सुरयाचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, टिटवीचा मार्चपासून पावसाळ्यापर्यंत. अंडी गोट्यांच्याच रंगाची, ठिपक्यांची असतात. पायाखाली गेल्यावरच कळतं. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की आपण त्याच्या घरट्याजवळ आहोत असं समजा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. फोटोसाठी थांबू नका, उन्हात अंडी काही मिनिटांत तापतात. मातीच्या उभ्या दरडींमध्ये खंड्याची बिळं असतात, तिथे पायऱ्या खोदू नका.

दगडी घाटावरचा उत्सव या दिवसांतही चालेल. वाळूच्या बेटावर आणि दगडगोट्यांच्या काठावर मात्र नको.

१२. स्वच्छता मोहिमेत काठावरची झुडपं काढून टाकली तर चालेल ना? छान दिसेल.

नाही. वाळुंज, शेरणी, लव्हाळा, करंज, उंबर ही काठाची स्वतःची झाडं आहेत. मुळांनी माती धरतात, पुरात वाकतात, पूर ओसरल्यावर उभी राहतात. ती काढली की पहिल्या पुरात काठ ढासळतो. काढायची ती जलपर्णी, आणि तीही फुलायच्या आत, कारण तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. मात्र जलपर्णी हे लक्षण आहे. मैलापाणी येत राहिलं तर ती पुन्हा येणार.

कचरा उचलताना वर्गवारी करा, वजन करा आणि तो कुठे जाणार हे आधी ठरवा. एका काठावरून उचलून गावाबाहेरच्या ओढ्यात टाकलेला कचरा पावसाळ्यात परत येतो.

१३. नदीला देवी मानलं की इतर धर्माचे आणि काही समाजांचे लोक येत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न टाळू नका. आपल्या पाण्याला जातीचा इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. अनेक गावांत पाणवठे वेगळे होते, आणि ती आठवण घराघरांत आहे. 'या, सगळ्यांचं स्वागत आहे' एवढ्या वाक्यानं ती पुसली जात नाही.

आयोजनातच सगळे हवेत. भोई, कोळी, परीट, कुंभार, वीटभट्टीवाले, नदीकाठच्या वस्तीतले लोक यांना नदी सगळ्यात जास्त कळते. तारीख ठरवायच्या बैठकीला त्यांना बोलवा, पाहुणे म्हणून शेवटी नव्हे. धार्मिक भाग आणि सर्वांचा भाग वेगळ्या वेळी ठेवा: सकाळी पूजा, दुपारी नदीफेरी, संध्याकाळी गाणं. संध्याकाळी अभंगाबरोबर भीमगीतं असोत, कव्वाली असो. पंगत एकच असावी.

१४. ज्या कारखान्याचं पाणी नदीत येतं, तोच देणगी देतोय. घ्यावी का?

आम्ही घेत नाही. एकदा नाव फलकावर लागलं की वही (प्रश्न ३) वाचताना आवाज खाली येतो. त्यांना देणगीऐवजी सांडपाणी प्रक्रियेचा चालू अहवाल मागा आणि गावकऱ्यांना प्रकल्प दाखवायला सांगा. खरोखर सुधारणा करणारे दाखवतात, आणि मग उत्सवात त्यांचं कौतुक करायला काहीच हरकत नाही. खर्चासाठी घरटी वर्गणी, शिधा, मांडववाल्याचं श्रमदान यावर छोटा उत्सव उभा राहतो.

१५. उत्सव झाला. पुढे काय?

पुढचे अकरा महिने हेच खरं काम. वहीतला एकच नाला निवडा, सगळे एकदम नकोत. तो कुठून येतो ते चालून पाहा. मग माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून स्थानिक संस्थेला विचारा: रोज किती मैलापाणी तयार होतं, किती प्रक्रिया केंद्रात जातं, उरलेलं कुठे जातं? उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची पाणी तपासणी केंद्रं बऱ्याच नद्यांवर आहेत. आपल्या जवळच्या केंद्राचे आकडे मिळवा. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते तो) ३ मिलिग्रॅमपर्यंत असावा लागतो. हे दोन आकडे घाटावर फळ्यावर लिहा आणि शेजारी आपल्या नदीचे लिहा.

सरकारच्या 'चला जाणूया नदीला' अभियानात, जे २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून सुरू झालं, तुमची नदी आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. असेल तर तिथल्या नदी प्रहरींना, म्हणजे अभियानाच्या स्वयंसेवकांना, गाठा. पुण्यात 'जीवितनदी'चे कार्यकर्ते विठ्ठलवाडीला मुठेचा काठ दत्तक घेऊन नेमानं काम करतात. त्यांच्यासोबत एक सकाळ घालवलीत तर पुष्कळ शिकता येईल.

१६. आमची नदी खाडीला मिळते. कोकण-गोव्यात हेच नियम चालतात का?

बरेचसे. पण तीन फरक आहेत. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होऊ शकतात, त्यामुळे तात्पुरत्या मांडवालाही वेगळी परवानगी लागेल का ते आधी विचारा. दुसरं, खाजण आणि कांदळवन: कांदळवनात मांडव, दिव्यांच्या माळा, पायवाट यांतलं काहीही नको. तिसरं म्हणजे पाण्याची वेळ. पौर्णिमेला उधाण असतं. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते, आणि खाडीच्या आतल्या गावात ती आणखी उशिरा पोचते. संध्याकाळी ओहोटीच्या चिखलात होड्या अडकलेल्या आणि लोक काठावर ताटकळलेले, असं पौर्णिमेच्या कार्यक्रमांत घडतं. म्हणून पत्रिका छापायच्या आधी कोळीवाड्यात जाऊन त्या तिथीचं पाणी विचारून घ्या.